मोरचुदात अॅल्युमिनिअम गप्प का राहतं?

प्रश्न : अभिक्रियाशीलता श्रेणीत (जास्त क्रियाशील धातू वर, कमी क्रियाशील खाली अशा यादीत) अॅल्युमिनिअम लोखंडाच्या वर आहे. मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात लोखंडी खिळ्यावर तांबं लगेच चढतं, पण अॅल्युमिनिअमच्या फॉइलवर तासभर काहीच दिसत नाही. श्रेणी चुकीची आहे का?
– दहावीची विद्यार्थिनी

उत्तर : श्रेणी बरोबर आहे, आणि तुमचं निरीक्षणही. हवेशी संपर्क येताच अॅल्युमिनिअमवर ऑक्साइडचा जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा घट्ट थर बसतो. द्रावण त्या थरालाच लागतं, धातूपर्यंत पोहोचतच नाही. पॉलिशपेपरने घासलं तरी हवेत थर लगेच पुन्हा तयार होतो, त्यामुळे नुसतं घासून भागत नाही.

असं करा. काचेच्या चंचुपात्रात 50 मिलि पाण्यात 2 ग्रॅम मोरचूद विरघळवा. त्यात 10 सेंमी बाजूची चौकोनी फॉइल सैल चुरगाळून बुडवा, पाच मिनिटं थांबा. मग चमचाभर मीठ घालून ढवळा. मिठातले क्लोराइड आयन थर ठिकठिकाणी फोडतात. द्रावण हिरवट होतं, तांबूस गाळ जमतो, फॉइलला भोकं पडतात आणि पात्र हाताला गरम लागतं. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून जवळ ज्योत नको. चष्मा घाला. मोरचूद विषारी आहे. स्वयंपाकाचं भांडं अजिबात वापरू नका.

फॉइल घट्ट गोळा करून टाकली तर आतला भाग कोरडा राहतो आणि प्रयोग फसल्यासारखा वाटतो. लोणचं अॅल्युमिनिअमच्या डब्यात ठेवत नाहीत, त्यामागेही हेच मीठ आहे, जोडीला आंबटपणा.