खेळ हे संशोधनाचे साधन होऊ शकते का?

प्रश्न : मध्यवर्ती बसस्थानकावर नवख्या प्रवाशांना गाडी शोधताना कोठे अडते, हे अभ्यासण्यासाठी मी मोबाइलवरील खेळ तयार करू इच्छिते. प्रबंधात तो ग्राह्य ठरेल का?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ठरू शकेल, मात्र आपण नेमके काय मोजणार आहोत, हे आधी लिहून ठेवावे. २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झालेल्या ‘फोल्डिट’ या संगणकीय खेळात खेळाडू प्रथिनाची घडी पडद्यावर जुळवतात, आणि कमी ऊर्जेच्या, म्हणजेच अधिक स्थिर रचनेला अधिक गुण मिळत असल्यामुळे जिंकण्याची धडपड आणि शास्त्रीय शोध तेथे एकच होतात. माकडांतील एका विषाणूच्या विकराची (एन्झाइमची) वर्षानुवर्षे न सुटलेली रचना या खेळाडूंच्या मदतीने उलगडल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. तुमच्या खेळात वेगाला गुण दिलेत, तर प्रवासी फलक न वाचताच धावतील आणि नोंद गोंधळाची नव्हे, घाईची होईल. ही चूक मला सर्वांत घातक वाटते. पहिला आराखडा पुठ्ठ्यावरच करावा, पाच-सहा प्रवाशांना संमती घेऊन खेळू द्यावा आणि ते कोठे थबकतात ते टिपावे. खेळातील वाट आणि स्थानकावरील प्रत्यक्ष चालणे जुळते का, हे तपासल्याखेरीज निष्कर्ष मांडू नयेत.