निवृत्तीनंतर दोघांनीच बोटीने व्हँकुव्हरहून उत्तरेकडे जाणं झेपेल का?

तुम्ही लिहिलंय की तुमचं वय ६३, स्वतःची लहान मोटरबोट आहे, इनसाइड पॅसेजने, म्हणजे कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगत बेटांच्या आडोशाने जाणाऱ्या जलमार्गाने, बेला बेला या गावाच्याही वर जायचंय आणि "बायकोला बोटीतलं काही येत नाही, पण ती सोबत येईल". झेपेल. मी ६८ ची, हे ७२ चे. आमचे सात उन्हाळे त्याच पाण्यात गेलेत. पण तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी अडले. आधी ते बदला.

पहिले दोन उन्हाळे मीसुद्धा "सोबत"च होते. चहा करायचा, सांगितला तो दोर धरायचा, देवमासा दिसला की ह्यांना हाक मारायची. तिसऱ्या वर्षी कॅल्व्हर्ट बेटाच्या प्रूथ बेमध्ये नांगर उचलताना ह्यांच्या कमरेत अशी उसण भरली की उभंच राहता येईना. साखळी अर्धी वर आलेली, बोट वाऱ्याने किनाऱ्याकडे सरकतेय, फोनला रेंज नाही. नशीब की त्या हिवाळ्यात मी व्हीएचएफ रेडिओचं, म्हणजे बोटीवरच्या संपर्काच्या रेडिओचं, प्रमाणपत्र घेतलं होतं आणि थोडंफार सुकाणूही हाताळलं होतं. साखळी वर घेतली, फिट्झ ह्यू साऊंडने वर आणि लामा पॅसेजमधून बेला बेलापर्यंत गेले. सहा-सात तास लागले. लामा पॅसेजच्या तोंडाशी धुकं होतं. फेरीबोटीचा भोंगा ऐकू येत होता आणि फेरीबोट दिसत नव्हती. धक्क्याला लावताना दोनदा चुकले, तिसऱ्या वेळी कोणीतरी वरून दोर पकडला. तिथे छोटं रुग्णालय आहे, ह्यांना लगेच बघितलं.

तेव्हापासून आमच्याकडे एक दिवस हे सुकाणूवर, एक दिवस मी. तुमच्या पत्नीलाही बोट चालवायचं कार्ड काढू द्या. नांगर टाकणं, तो धरलाय की घसरतोय हे ओळखणं, धक्क्याला लावणं आणि मुख्य म्हणजे तुम्ही पाण्यात पडलात तर तुम्हाला वर काढणं, एवढं त्यांना एकटीला जमलं पाहिजे. तिकडचं पाणी भर उन्हाळ्यातही गारठवणारं असतं. थंड पाण्याचा हिशेब १-१०-१ असा सांगतात: श्वास ताब्यात यायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं, शुद्ध हरपायला साधारण एक तास. म्हणजे तुमच्याकडे दहा मिनिटं आहेत, आणि ओला माणूस नुसत्या हातांनी ओढून बोटीत येत नाही. मागची शिडी पाण्यातून उघडते का, हे निघण्याआधी तपासा. डेकवर पाऊल टाकलं की लाइफजॅकेट, मग समुद्र कितीही शांत असो.

आता वाटेबद्दल. कॅम्पबेल रिव्हर गावाच्या वर सेमूर नॅरोज ही अरुंद सामुद्रधुनी लागते. तिथल्या पाण्याखालच्या रिपल रॉकने अनेक जहाजं बुडवली. शेवटी ५ एप्रिल १९५८ रोजी तो सुरुंगाने उडवला. खडक गेला, पाण्याची ओढ राहिली. मोठ्या भरतीला तिथलं पाणी १५ नॉटपर्यंत (ताशी सुमारे २८ किलोमीटर) धावतं आणि आमची बोट आठच्या वर जात नाही. म्हणून स्लॅकची, म्हणजे भरती-ओहोटीच्या मधे पाणी थांबतं ती, वेळ बघायची आणि तिच्या जरा आधीच तिथे पोचायचं. पुढे जॉन्स्टन स्ट्रेटमध्ये दुपारी वायव्येचा वारा चढतो. तो ओहोटीच्या उलट आला की लाटा उभ्याच राहतात, तेव्हा पहाटे निघा.

त्यानंतरचा केप कॉशन या भूशिराजवळचा टप्पा खरा उघडा. मध्ये आडोसा देणारं बेट नाही, पॅसिफिकच्या लाटा सरळ येतात. वेस्ट सी ऑटर या तिथल्या तरंगत्या बोयाने मोजलेल्या लाटांच्या उंचीचा आकडा रेडिओवर ऐकायचा. एक मीटरच्या वर असला तर आम्ही निघत नाही. एकदा त्याच्या अलीकडच्या पोर्ट हार्डी बंदरात पाच दिवस बसून राहिलो. परतीचं विमान, कोणाचं लग्न, असली तारीख डोक्यावर घेऊन या किनाऱ्यावर जाऊ नका, तीच माणसाला वाईट हवेत बाहेर काढते.

आणखी एक, वाहत येणारे ओंडके. डेडहेड म्हणतात तो ओंडका उभा तरंगतो, वर जेमतेम वीतभर दिसतो, कधी तेवढाही नाही. रात्री आम्ही बोट हलवत नाही.

एवढं करून मिळतं काय, तर प्रिन्सेस रॉयल बेटाकडचा एखादा मुक्काम. देवदारासारखी झाडं थेट भरतीच्या रेषेपर्यंत उतरलेली, आणि त्या रेषेवर झाडांच्या खालच्या फांद्या कात्रीने कापाव्या तशा एका सरळीत संपतात. ओहोटीला खालचे दगड उघडे पडले की अस्वल येऊन ते एकेक उलथून खेकडे खातं. त्या भागात काळ्या अस्वलांतच क्वचित जन्मणारं पांढरं अस्वल आम्हाला अजून दिसलेलं नाही, काळीच दिसली. इंजिन बंद करून तासभर बघत बसलो तरी ह्यांना आणि मला बोलावंसं वाटत नाही.

पहिल्या उन्हाळ्यात डेझोलेशन साऊंडपर्यंतच जा. ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरने १७९२ मध्ये त्याला हे उदास नाव दिलं (डेझोलेशन म्हणजे ओसाडपणा), पण तिथलं पाणी ऑगस्टमध्ये पोहण्याइतकं कोमट असतं आणि वाटेत मोठी ओढ लागत नाही. जाताना सुकाणू तुम्ही धरा, येताना पत्नीला धरू द्या, आणि त्या बोट धक्क्याला लावत असताना तुम्ही मधे बोलू नका.