शहापूरचं घर विकून मच्छे-येळ्ळूर बाजूला जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बेळगावच्या शहापुरात गल्लीतलं दोन मजली घर आहे. वडिलांनी घेतलेलं, ते गेले तरी उतारा अजून त्यांच्याच नावावर. एजंट म्हणतो ७५ लाख येतील. डोक्यावर १८ लाखांचं कर्ज, महिन्याला २० हजारांचा हप्ता. नोकरी उद्यमबागेत. घरात आई, बायको, कॉलेजला जाणारी मुलगी. दोन बहिणी लग्न होऊन चंदगड आणि कोल्हापूरला. मच्छे किंवा येळ्ळूर बाजूला ३८ लाखांत घर मिळतंय, म्हणजे ३७ लाख सुटतात, तर विकावं का?

मी मूळची खासबागेतली. आम्ही सासूबाईंना घेऊन मच्छ्याला आलो त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हा बाहेर जायला माझा विरोध नाही. पण तुमचे ३७ लाख काही सुटत नाहीत, ते आधी बघू.

कर्ज फेडलं की राहिले १९. नव्या घराच्या रजिस्टरला कर्नाटकात मुद्रांक शुल्क ५ टक्के, त्यावर सेस आणि सरचार्ज, आणि नोंदणी फी. ही फी ऑगस्ट २०२५ अखेरपर्यंत १ टक्का होती, आता २ टक्के झाली. सगळं मिळून ७.६ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ३८ लाखांवर २.९ लाख. सरकारी दर तुमच्या व्यवहारापेक्षा जास्त असेल तर त्या दरावर. दलाली दोन्हीकडची २ टक्के धरली तर सव्वादोन लाख. रंग, ग्रिल, बोअरची मोटर, सामान हलवणं यात ३ लाख कधी जातात कळतही नाही. मग आयकर. घर जुनं असल्यामुळे १ एप्रिल २००१ ची किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते. ती समजा ८ लाख निघाली, तर ६५ लाखांच्या वर भांडवली नफा दिसतो. जेवढे पैसे नव्या राहत्या घरात गेले तेवढ्यावर कर नाही, उरलेल्यावर १२.५ टक्के आणि वर उपकर. तुमच्या आकड्यांवर ते सव्वातीन लाखांच्या आसपास येतं. घर २३ जुलै २०२४ च्या आधीचं असल्यामुळे महागाई निर्देशांक धरून २० टक्क्यांनीही हिशेब करता येतो, त्यात कर कमी निघाला तर तेवढाच भरायचा; मी इथे जास्तीचा आकडा धरते. तोही वाचवायचा असेल तर सरकारी बाँडमध्ये सहा महिन्यांच्या आत पैसे घालता येतात, पण ते पाच वर्षं अडकतात. तर हे सगळं वजा करून हातात उरतात साडेसात लाख.

आणि हा हिशेब बहिणींनी काही मागितलं नाही असं धरून आहे.

वडिलांनी स्वतः घेतलेलं घर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर आई, तुम्ही आणि दोघी बहिणी अशा चौघांचा सारखा हिस्सा. ७५ लाखांत दोघींचे होतात साडेसदतीस लाख. म्हणजे तुम्ही शिल्लक म्हणून मोजलेली रक्कमच. लग्नात दिलं-घेतलं, त्या कुठे काय मागणार आहेत, हे आपण घरात म्हणतो. घर घेणारा आणि त्याची बँक तसं म्हणत नाही, त्यांना सह्या लागतात. बहिणींनी राजीखुशीने हक्कसोड करून दिलं तर चांगलंच, रक्ताच्या नात्यात त्याला टक्केवारीचं मुद्रांक शुल्कही लागत नाही. पण एजंटाला घर दाखवायच्या आधी चंदगडला आणि कोल्हापूरला जाऊन या. फोनवर नको. विक्रीची बातमी गल्लीतून बहिणीच्या कानावर गेली की होणारी सहीसुद्धा होत नाही, हे मी जवळून पाहिलंय.

त्या मान्य झाल्या तर पुढचं काम उताऱ्याचं. आधी वारसा नोंद, सीटीएस (सिटी सर्व्हे) ऑफिसात आणि महानगरपालिकेत दोन्हीकडे. शहरी हद्दीत २०२४ पासून ई-खात्याशिवाय, म्हणजे मालमत्तेच्या ऑनलाइन नोंदीशिवाय, रजिस्टर होत नाही, त्यामुळे वडिलांच्या नावावरचं जुनं खातं तसंच ठेवून व्यवहार उरकू असं कोणी सांगितलं तर तिथून उठा. शहापूर स्वातंत्र्याआधी सांगली संस्थानात होतं (म्हणून तर आपल्याकडे बेळगावासारखी धुळवडीला नाही, रंगपंचमीला रंग खेळतात), त्यामुळे काही घरांची जुनी खतं मोडीत निघतात आणि वाचणारा शोधावा लागतो. घरी ट्रंकेत काय आहे ते आताच काढून ठेवा.

आता घ्यायच्या घराकडे वळते, कारण माणूस फसतो तो तिथे. एखादी जागा दोन कारणांनी स्वस्त असते. एक म्हणजे ती लांब आहे. दुसरं म्हणजे तिचे कागद लंगडे आहेत. लांब असण्यावर उपाय आहेत, कागदावर बहुतेक वेळा नाहीत. शहराभोवतीच्या सगळ्या गावांत शेताचे तुकडे पाडून, एनए (बिगरशेती) न करता, बाँड पेपरवर, म्हणजे नुसत्या स्टँप पेपरवर, प्लॉट विकलेले आहेत. त्यावर स्लॅबची घरं उभी आहेत, लाईट आली आहे, घरपट्टीची पावतीसुद्धा आहे. तरी मालकी मिळालेली नसते. बाँड, नोटरी किंवा मुखत्यारपत्रावर जागेची मालकी जात नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच हे स्पष्ट केलंय. रजिस्टर खरेदीखत लागतंच. "इथं सगळ्यांचं असंच आहे ओ, काय होत नाही" हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकू येईल. होत नाही, हे खरं. तुम्ही विकायला काढेपर्यंत, किंवा मुलीच्या शिक्षणासाठी बँकेत तारण ठेवायला जाईपर्यंत काही होत नाही.

म्हणून ३८ लाखांच्या घराबद्दल पहिला प्रश्न खोल्या किती हा नको. ग्रामपंचायत हद्दीत असेल तर ई-स्वत्तूचे (ग्रामपंचायतीच्या मालमत्तांची ऑनलाइन नोंद) फॉर्म ९ आणि ११ मागा. फॉर्म ११ वर 'बी' असेल तर सावध व्हा, त्याचा अर्थ मंजूर लेआउट नाही. एनएचा आदेश बघा. नोंदणी खात्याच्या कावेरी वेबसाइटवरून ईसी (जागेवरचे बोजे आणि व्यवहार दाखवणारा दाखला) काढा, आणि १३ वर्षांवर न थांबता ३० वर्षांची काढा. हे सगळं कन्नडमध्ये असतं. आपल्यातले पुष्कळजण बोलायला कन्नड बोलतात पण खरेदीखत वाचता येत नाही, आणि बाँड रायटर घाईघाईत जे मराठीत सांगेल त्यावर सही ठोकतात. सीमाप्रश्नाचं काय व्हायचं ते दिल्लीत होईल, तुमच्या चतुःसीमा मात्र कन्नडमध्येच लिहिल्या जाणार. वाचणारा माणूस आपला न्या, समोरच्याचा नको. वकिलाला दिलेले पाच-दहा हजार या सगळ्या खर्चात दिसतही नाहीत.

बायपास येणार, रिंगरोड येणार, दर दुप्पट होणार, असं एजंट सांगेल. हलगा-मच्छे बायपासवरून शेतकरी किती वर्षं भांडले ते तुम्ही बघितलंच आहे. रस्ता तुमच्या घराजवळून जाणार की घरातून, हे नकाशात सर्व्हे नंबर बघितल्याशिवाय कळत नाही. राहायच्या घराला मी तरी या बातमीचा एक रुपया जास्त दिला नसता.

मच्छे की येळ्ळूर? तुमची नोकरी उद्यमबागेत, तेव्हा मला मच्छे-पिरनवाडी बाजू सरळ वाटते. खानापूर रोडवरच आहे, रेल्वे गेट नाही, बाजारातली कोंडी नाही. बसची सोयही त्या रोडवर बरी. जून २०२३ पासून बायकांना साध्या सरकारी बसला तिकीट नाही, त्यामुळे मुलीचा आणि वहिनींचा जायचा-यायचा खर्च धरूच नका, वेळ मात्र धरा. विद्यापीठ मच्छ्यालाच असल्यामुळे वरच्या मजल्याला भाडेकरू मिळायची शक्यताही जास्त. येळ्ळूर गाव म्हणून मला फार आवडतं, माणसं आपली, भात तर विचारू नका. पण वडगाव-येळ्ळूरचं शिवार काळ्या मातीचं. पाया खोल घ्यावा लागतो, स्वस्तात बांधलेल्या घराच्या भिंती दोन उन्हाळ्यांत तडकतात. आणि बळ्ळारी नाला भरला की त्या बाजूला पाणी कुठवर येतं ते शेतकऱ्यांना विचारा, घर विकणाऱ्याला नको. येळ्ळूर घ्यायचंच असेल तर जुन्या गावठाणातलं किंवा उंचावरचं बघा.

पाण्याबद्दल: राकसकोप धरणाचं पाणी काही दिवसांआड येतं म्हणून शहापुरात आपण कुरकुरतो. बाहेर बोअर असते, आणि तिचं खरं रूप मार्च ते मेमध्ये दिसतं.

आईंचा प्रश्न तुम्ही एका ओळीत उरकलाय. मला तो हप्त्याइतकाच मोठा वाटतो. शहापुरात त्यांना डॉक्टर पायी गाठता येतो, देवळात बायका भेटतात, कोणी ना कोणी कट्ट्यावर असतं. आमच्या सासूबाईंना मच्छ्यात मराठी बोलणारे शेजारी मिळाले म्हणून त्या रुळल्या. तरी पहिलं वर्ष त्या दुपारी दार उघडं ठेवून बसायच्या आणि कोणी येत नाही म्हणून चिडायच्या. नव्या लेआउटात दारं बंद असतात. म्हणून घर गावाला लागून बघा, माळावरचं एकटं नको, भले लाख-दोन लाख जास्त जाऊ देत.

मग विकावं का? बहिणी हक्कसोड करायला तयार असतील आणि घराचे कागद स्वच्छ असतील, तर माझ्या मते विका. साडेसात लाखांसाठी नव्हे, दर महिन्याचे २० हजार सुटतात म्हणून. बहिणींना पूर्ण हिस्सा द्यायचा झाला तर या विक्रीतून कर्जही फिटतं आणि घरही होतं असं गणित बसत नाही. त्यापेक्षा वरचा मजला भाड्याने द्या आणि बँकेत जाऊन हप्त्याची मुदत वाढवून घ्या.

मन होत नसेल तर आणखी एक करता येईल. शहापूरचं घर अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने द्या, आणि मच्छ्यात भाड्याने राहून एक पावसाळा काढा. रस्ता, पाणी, बस, आईंची दुपार, सगळं जून ते सप्टेंबरमध्ये कळतं. भाड्याभाड्यातला फरक फार नसेल, पण घाईत घेतलेल्या घरापेक्षा हे परवडतं.

विकायचं ठरलं तर संचकार (विसार) घेताना २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेऊ नका, घेतलेल्या रकमेएवढाच दंड बसू शकतो. समोरचा अर्धे काळे देतो म्हणाला तर तुमच्या कराची सवलतही तेवढीच बुडते, कारण ती कागदावरच्या पैशांवर मिळते. व्यवहार ५० लाखांच्या वरचा आहे, तेव्हा घेणारा १ टक्का टीडीएस कापेल. तो तुमच्या पॅनवर जमा झाला का ते तपासा. आणि जुनं विकलं म्हणून महिन्याभरात नवं घेतलंच पाहिजे असं नाही. विकत घ्यायला दोन वर्षं मिळतात, बांधायला तीन. फक्त रिटर्न भरायच्या मुदतीआधी उरलेले पैसे बँकेच्या कॅपिटल गेन खात्यात ठेवावे लागतात. साध्या एफडीत ठेवले तर सवलत जाते. आणि ताबा द्यायची तारीख करारात सहा महिन्यांपुढची लिहून घ्या, घेणाऱ्यांतले बरेचजण ऐकतात.