शेअरिंगच्या जुन्या सायकलींचं करायचं काय?

प्रश्न: शिरोळ तालुक्यातल्या आमच्या शाळेला एक देणगीदार बंद पडलेल्या कंपनीच्या पन्नास शेअरिंग सायकली (मोबाइल ॲपने कुलूप उघडून भाड्याने चालवायच्या) देतायत. लांबून चालत येणाऱ्या मुलींना देता येतील का?

उत्तर: जरूर द्या. चालती सायकल भंगारात घालून वितळवणं मला पटत नाही. सिंगापूर-मलेशियातल्या अशा कंपन्यांच्या सुमारे १० हजार सायकली माइक थान टुन विन या उद्योजकाने २०१९ मध्ये म्यानमारला नेल्या, कुलपं बदलली, मागे बैठक बसवली आणि विद्यार्थ्यांना वाटल्या.

मात्र होकार कळवण्याआधी दोन सायकली जाणत्या मिस्त्रीला दाखवा. साखळीची असेल तर चेन, फ्रीव्हील, ब्रेक-शू तालुक्याच्या गावी मिळतात. मोबाइक या चिनी शेअरिंग कंपनीच्या पहिल्या मॉडेलसारखी शाफ्टवर, म्हणजे साखळीऐवजी फिरत्या दांड्यावर चालणारी असेल, तर सुटे भाग दुकानात सापडणार नाहीत. मग काही सायकली खोलून त्यांच्या भागांवर बाकीच्या चालवाव्या लागतील. त्या हिशेबानेच वाटपाचा आकडा ठरवा. अशा सायकलींना बरेचदा भरीव, हवा न भरायचा टायर असतो. तो पंक्चर होत नाही, पण खड्ड्याचा प्रत्येक दणका मनगटाला बसतो आणि सायकलही जड असते. शिरोळच्या सपाटीवर चालून जाईल. गगनबावड्याच्या चढाला अशी सायकल कुणा मुलीला देऊ नका. आणि सीट खाली किती येते ते एखाद्या आठवीतल्या मुलीला बसवूनच बघा.

देणगीपत्रावर मालकाची सही आणि फ्रेम नंबरांची यादी हवीच.

प्रश्न: पुण्यात भंगारवाल्याकडे अशी सायकल स्वस्तात मिळतेय. घेऊ का?

उत्तर: बिल देत असेल तर घ्या. कंपनीने गाशा गुंडाळला तरी सायकल बेवारस होत नाही. मालकी कंपनीकडेच राहते आणि तिला कर्ज दिलेल्यांचा त्यावर हक्क असू शकतो.

प्रश्न: आमची शिरोलीला फौंड्री आहे. मोडक्या सायकली थेट भट्टीत घालता येतील?

उत्तर: थेट नको. आधी मागच्या चाकाचं कुलूप स्क्रू सोडवून काढा, ग्राइंडर लावू नका: आत लिथियमची बॅटरी असते, कापली तर पेट घेते. ती अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्या. टायर, सीट, केबल उतरवा. मग चुंबक लावा. जी फ्रेम चिकटत नाही ती बहुधा ॲल्युमिनियमची, ती वेगळी ठेवा. उरलेल्या लोखंडी फ्रेमच्या नळ्या कापून मोकळ्या करा. उघड्यावर पडलेल्या सायकलीच्या नळीत पाणी साठलेलं असतं. बंद नळी वितळलेल्या लोखंडाच्या रसात पडली की वाफेचा स्फोट होतो आणि रस भट्टीवरच्या कामगाराच्या अंगावर उडतो.