वहीतलं माप

प्रश्न : घरीच शिवणकाम करते. गिऱ्हाईक कधीही दार वाजवतं, मुलगा गृहपाठ घेऊन उभा, आणि मी दोघांवरही चिडलेली. काय करू?

उत्तर : ताई, मीही १५ वर्षं घरूनच शिवलं. एकदा घाईत लेकीच्या वहीत गिऱ्हाइकाचं माप लिहिलं. बाईंनी लाल शाईत विचारलं, ‘छाती ३६ म्हणजे?’ दुसऱ्याच दिवशी दारावर पाटी लावली : ११ ते ४. दोन गिऱ्हाइकं तुटली, खोटं कशाला सांगू? बाकीची रुळली. तारीख देताना २ दिवस वाढवूनच सांगा. काज-बटण बाहेर द्या. आणि संध्याकाळी मशीन झाकून ठेवा. उघडं दिसलं की मी तर ‘एवढी एकच शिवण’ म्हणत बसायचेच.