वाचकांचे प्रश्न : फॉर्म्युला वनच्या उंबरठ्यावरची शर्यत

प्रश्न : फॉर्म्युला टू २०१७ साली सुरू झाली असं वाचलं. पण फॉर्म्युला वनचा जगज्जेता जिम क्लार्क १९६८ मध्ये फॉर्म्युला टूच्या शर्यतीतच मरण पावला ना? मग या मालिका आहेत तरी किती?

उत्तर : दोन्ही बरोबर. फॉर्म्युला टू हे नाव तीन वेगवेगळ्या मालिकांनी लावलंय आणि मधल्या काळात फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीचं तेच काम दुसऱ्या नावांनी चाललं. पहिली युरोपियन अजिंक्यपद मालिका १९६७ ते १९८४. क्लार्कचा अपघात हॉकेनहाइमला ७ एप्रिल १९६८ रोजी झाला, तो याच काळातला. १९८५ ते २००४ फॉर्म्युला ३०००, मग २००५ ते २०१६ जीपी टू, आणि २०१७ पासून त्याच जीपी टूचं नाव बदलून पुन्हा फॉर्म्युला टू. राहिली २००९ ते २०१२ मधली फॉर्म्युला टू. ती कमी खर्चाची आणि वेगळी होती : विल्यम्सने आखलेली गाडी आणि १.८ लिटरचं ऑडी टर्बो इंजिन. तिचे विजेते आजच्या मालिकेच्या यादीत शोधू नका, गोंधळ तिथूनच सुरू होतो.

प्रश्न : फेरारीच्या अल्बेर्तो अस्कारीची दोन्ही जगज्जेतेपदं फॉर्म्युला टूची म्हणतात, ती कशी?

उत्तर : १९५२ आणि १९५३ ला जागतिक अजिंक्यपदच फॉर्म्युला टूच्या नियमांनी झालं. अल्फा रोमिओने अंग काढून घेतल्यावर फॉर्म्युला वनच्या पुरेशा गाड्याच उरल्या नव्हत्या. अस्कारीची फेरारी ५०० दोन लिटरची होती. जगज्जेता मात्र तो पुरा. फक्त गाड्यांचा वर्ग खालचा.

प्रश्न : फॉर्म्युला टू जिंकलेला ड्रायव्हर पुढे फॉर्म्युला वनचा जगज्जेता होत नाही, असं मित्र म्हणतो. यात तथ्य आहे का?

उत्तर : २००४ पर्यंतच्या यादीपुरतं शंभर टक्के. १९६७ च्या जॅकी इक्सपासून २००४ च्या वितान्तोनिओ लिउझीपर्यंत यादी तपासा. त्यातला एकही पुढे जगज्जेता झाला नाही. पीटरसन, रेगाझोनी, अलेसी, मॉन्टोया अशी माणसं त्यात आहेत, म्हणजे यादी लेचीपेची नाही. कारणं काळानुसार वेगळी.

सुरुवातीच्या काळात नियमच तसा होता. फॉर्म्युला वनमध्ये नाव कमावलेल्यांना ‘ग्रेडेड’ ठरवत. त्यांना शर्यत खेळता येई, गुण मिळत नसत. गुण वाटताना त्यांना वगळून खालच्यांना वर सरकवत. समजा पहिले दोघं ग्रेडेड आहेत, तर तिसऱ्या आलेल्याच्या पदरात पहिल्याचे ९ गुण. ग्रेडेड असलेला योखेन रिंट शर्यतींमागून शर्यती जिंकायचा आणि गुणतक्त्यात नावच नसायचं. आमच्या मते नियम शहाणपणाचा होता : नवख्याला जगातल्या सर्वोत्तम माणसांच्या मागे बसून शिकता येई आणि शिक्षा होत नसे.

१९८४ च्या सुमारास गाडं अडलं. राल्ट-होंडा गाडी इतकी पुढे गेली की त्या वर्षी माइक थॅकवेलने ११ पैकी ७ शर्यती जिंकल्या, आणि इंजिनांचा खर्च झेपेनासा झाल्यामुळे ग्रिड (सुरुवातीला रांगेत उभ्या गाड्या) रोडावलं. त्याच वेळी फॉर्म्युला वन टर्बोवर गेल्याने तीन लिटरची कॉसवर्थ डीएफव्ही इंजिनं बेकार पडून होती. तीच घेतली, ९,००० आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) लगाम घातला आणि फॉर्म्युला ३००० उभी केली. जुन्या मालाचा इतका चांगला उपयोग रेसिंगमध्ये क्वचितच झाला असेल. पण चॅसी (गाडीचा सांगाडा) निवडायची मोकळीक होती : मार्च, लोला, राल्ट, १९८८ पासून रेनार्ड. चुकीची चॅसी घेतली की हंगाम बुडाला. डेमन हिल यात एकही शर्यत जिंकला नाही आणि १९९६ चा जगज्जेता झाला! त्याच वर्षापासून सगळ्यांना एकच लोला, एकच झायटेक व्ही ८ इंजिन आणि एव्हॉनचे टायर देण्यात आले.

तिसरं कारण सोपं आहे : खरोखर घाईत असलेले थांबलेच नाहीत. प्रोस्ट, सेना, हाक्किनेन फॉर्म्युला थ्रीमधून थेट वर गेले. रायकोनेन तर त्याहून खालच्या फॉर्म्युला रेनॉमधून. खंड पाडला तो जीपी टूच्या पहिल्या दोन विजेत्यांनीच : २००५ चा निको रोझबर्ग २०१६ ला, २००६ चा लुईस हॅमिल्टन २००८ ला जगज्जेता झाला.

प्रश्न : आजच्या फॉर्म्युला टूत शनिवारच्या शर्यतीत पात्रता फेरीतला दहावा सगळ्यात पुढे का असतो? पोल (पात्रता फेरीतला पहिला नंबर) घेणाऱ्यावर हा अन्याय नाही का?

उत्तर : फारसा नाही, गुणांचा हिशेब पाहा. शुक्रवारी ३० मिनिटांची पात्रता फेरी होते. तिचा क्रम रविवारच्या मुख्य शर्यतीला जसाच्या तसा आणि शनिवारच्या छोट्या शर्यतीला पहिले दहा उलटे. मुख्य शर्यत जिंकली की २५ गुण, छोटीला १०. पोलचे वर २ गुण.

जीपी टूमध्ये मात्र खोट होती. तिथे मुख्य शर्यत आधी व्हायची आणि तिच्या निकालातले पहिले आठ उलटवायचे. शेवटच्या लॅपला सातव्याला वाटे, एक जागा सोडली तर उद्या पोल आपलीच. आता पात्रता फेरीवरून उलटवतात. दहावं यायचं ठरवून कुणी हळू गेला तर अकरावा-बारावा होण्याची भीती असते आणि रविवारचीही जागा जाते.

प्रश्न : टीव्हीवर पाहताना पिटमधून (टायर बदलायच्या थांब्यातून) निघालेली गाडी पहिल्या एक-दोन वळणांवर सगळ्यांना सहज का सापडते?

उत्तर : टायर गार असतात म्हणून. फॉर्म्युला वनसारखे टायर गरम करायचे ब्लँकेट इथे चालत नाहीत. मुख्य शर्यतीत मऊ आणि कडक अशा दोन्ही प्रकारचे टायर वापरणं सक्तीचं (शर्यत कोरडी असेल तर), आणि पहिल्या सहा लॅपमध्ये केलेला थांबा धरत नाहीत. त्यामुळे पिटमधून निघालेला ड्रायव्हर अर्धा लॅप बर्फावर चालवल्यासारखा चालवतो. जोर लावला तर मागची चाकं घसरतात. जपून गेला तर मागचा आत घुसतो. आदल्या लॅपला थांबून पुढच्याला गाठायची युक्ती म्हणूनच इथे फॉर्म्युला वनइतकी हमखास नाही.

प्रश्न : २०१८ मध्ये फॉर्म्युला टूच्या गाड्या ग्रिडवरच बंद पडत होत्या. काय बिघडलं होतं?

उत्तर : त्या वर्षी गाडी नवी आली : डॅलारा चॅसी, हेलो (ड्रायव्हरच्या डोक्याभोवतीची संरक्षक कमान) आणि चार लिटर व्ही ८ च्या जागी ३.४ लिटरचं मेकाक्रोम टर्बो व्ही ६. टर्बो कमी आरपीएमला जोर देत नाही. स्टीअरिंगमागची क्लचची पट्टी सोडताना क्लच अपेक्षेपेक्षा आधी धरला की आरपीएम कोसळतात आणि इंजिन गपकन बंद. क्लच तापला की तो कुठे धरणार, हेही बदलतं. सरावाला बरोबर बसलेला अंदाज ग्रिडवर चुकतो. बंद पडलेली गाडी ड्रायव्हरला तिथल्या तिथे चालू करता येत नाही, ढकलत पिट लेनमध्ये न्यावी लागते, आणि तोवर मागून वीस गाड्या येत असतात. हाच खरा धोका. म्हणून ऑस्ट्रिया आणि सिल्व्हरस्टोनला उभ्या सुरुवातीऐवजी चालत्या गाड्यांनी सुरुवात केली.

प्रश्न : विजेत्याला पुढच्या वर्षी याच मालिकेत का दिसत नाही?

उत्तर : नियमच तसा आहे, जिंकलेल्याला परत येता येत नाही. सुपर लायसन्सला (फॉर्म्युला वनच्या परवान्याला) लागणारे ४० गुण पहिल्या तिघांना मिळतात, त्यामुळे कागद तयार असतात. फॉर्म्युला वनमध्ये जागा असेलच असं नाही : २०२१ चा विजेता ऑस्कर पिआस्ट्री २०२२ भर राखीव ड्रायव्हर म्हणून बसून होता.