पंप घरघरतो पण हवा भरत नाही, फेकून देऊ का?

प्रश्न: नमस्कार, माझ्याकडे गाडीत ठेवायचा १२ व्होल्टचा टायर इन्फ्लेटर आहे, लायटरच्या सॉकेटला लावायचा. आधी मस्त चालायचा, आता मोटर फिरते, आवाज पण नेहमीसारखाच येतो, पण काटा २० पीएसआयच्या वर जातच नाही. दुकानात दाखवला तर म्हणे हे रिपेअर होत नसतं, नवीन घ्या. खरंच काही होत नाही का? – एक वाचक, सातारा

उत्तर: होतं हो, आणि बऱ्याचदा अगदी थोडक्यात होतं. मोटर फिरतेय ना, मग महागाचा भाग शाबूत आहे, बिघाड हवेच्या वाटेत आहे, आणि तिथे सगळा खेळ रबराचा असतो. फेकू नका.

खोलायच्या आधी एक टेस्ट करा, याने निम्मं काम होतं. पंप बंद ठेवूनच पाइप टायरला लावा आणि काटा बघा. काटा शून्यावरच राहिला तर नोझल नीट बसलेलं नाही, व्हॉल्वमधली पिन दाबली जात नाहीये, परत लावा. काट्याने टायरचं प्रेशर दाखवलं आणि मग तो हळूहळू खाली यायला लागला तर लीक बाहेरच्या बाजूला आहे, म्हणजे नोझल, पाइप नाहीतर पाइप जिथे पंपाला जोडलाय ती जागा, तिथे साबणाचं पाणी लावा, बुडबुडे लगेच दिसतात. नोझलच्या आतलं वॉशर कडक होऊन चिरलेलं असतं बऱ्याचदा. पाइप टोकाला चिरला असेल तर तेवढाच तुकडा कापून पाइप परत बसवा आणि वर छोटी क्लिप आवळा. अन् काटा जागेवर ठाम राहिला, पण पंप चालू केल्यावर वर सरकत नाही, तर मात्र आतला पिस्टन नाहीतर व्हॉल्व गेलाय, आता स्क्रूड्रायव्हर काढा.

सॉकेटमधून प्लग काढा आणि पंप आधी चालवला असेल तर गार होऊ द्या, आतला सिलिंडर चटका बसेल इतका तापतो. एखादा स्क्रू स्टिकरखाली किंवा रबरी पायाखाली लपलेला असतो, उघडत नाही म्हणून जोर लावत बसू नका, आधी तो शोधा. आत मोटर, तिच्यावर छोटं गिअर, मग मोठं गिअर, दांडा आणि पिस्टन दिसेल. सिलिंडरचं डोकं उघडलं की खाली पातळ पत्र्याची पट्टी किंवा स्प्रिंगवालं छोटं झाकण असतं, हाच व्हॉल्व. त्याखाली धुळीचा एक कण जरी अडकला तरी हवा मागे फिरते, सुती कपड्याने पुसून घ्या आणि पट्टी वाकली नाही ना बघा. मग पिस्टनवरची रिंग, ती झिजून ढिली झाली असेल तर काढून सोबत घेऊन हार्डवेअरच्या नाहीतर पंप रिपेअरच्या दुकानात जा आणि त्याच मापाची मागा, अंदाजाने आणू नका कारण थोडी जाड असली तरी पिस्टन अडकतो. बसवताना सिलिकॉन ग्रीसचं नुसतं बोट फिरवा. घरातलं खोबरेल अजिबात नको, थंडीत गोठतं आणि धूळ धरून बसतं.

सिलिंडरच्या आत नखाला लागतील असे ओरखडे असतील किंवा गिअरचे दात गेले असतील तर मात्र नवीन घेतलेला बरा, नवी रिंग पण तिथे टिकणार नाही. आणि रिपेअर झाल्यावर सलग रेटू नका, यातले बरेच पंप १० मिनिटं चालवून गार करायचे असतात, पंपावर किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असतं ते पाळा. रिंग लवकर जायचं मोठं कारण हेच.

प्रश्न: माझा तर चालूच होत नाही, त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर पण लागत नाही. – एक वाचक, नाशिक

उत्तर: चार्जर पण लागत नाही म्हणजे बहुतेक गाडीतला सॉकेटचा फ्यूज उडालाय, फ्यूजबॉक्सच्या झाकणावर जागा दिलेली असते. चार्जर चालत असता तर पंपाच्या प्लगचं टोक फिरवून उघडायला सांगितलं असतं, बऱ्याच पंपांच्या प्लगच्या आत छोटा फ्यूज असतो. फ्यूज जितक्या अँपिअरचा होता तितकाच लावा, वरचा लावायचा नाही आणि चांदीचा कागद गुंडाळायचा तर नाहीच, वायर तापते आणि आग लागू शकते. साधा १२० वॉटचा पंप १० अँपिअर ओढतो, फ्यूज परत उडाला तर केबल प्लगपाशी वाकते तिथे आत वायर तुटून एकमेकींना टेकतेय का बघा.

प्रश्न: चार्जिंगवाला पंप आहे, चार्ज होत नाही आणि बॉडी एका बाजूने फुगल्यासारखी वाटते. – एक वाचक, पणजी

उत्तर: हा खोलू नका. आतला लिथियमचा सेल फुगलाय, स्क्रूड्रायव्हर लागला तर पेट घेतो. चार्जिंगला लावू नका, उन्हात गाडीत ठेवू नका, घरातल्या कचऱ्यात टाकू नका, ई-वेस्ट घेतात तिथे देऊन या आणि देताना सांगा की बॅटरी फुगलेली आहे.